अख्खं मंडळ एका खोलीत

घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर प्रत्येकाचा आवाज सुटा घ्यावा. आधी क्लिक, म्हणजे हेडफोनमधला लयीचा ठोका, लावावी, मग पेटी, मग ढोलक, मग गाणारा, शेवटी कोरस. हे मी कित्येक वर्षं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना छातीठोकपणे सांगत आलो. आंधळगाव, मोहाडी, तुमसर या पट्ट्यातल्या ज्या मुलांनी माझ्या खोलीत पहिल्यांदा हेडफोन कानाला लावले, त्यांच्या वहीत पहिली ओळ हीच असेल. आज मी ती खोडायला सांगतो. भजन, दंडार, गोंधळ, महादेवाच्या यात्रेची गाणी, म्हणजे आपल्याकडे चार-आठ माणसं मिळून जे गातात ते सगळं, एकत्र बसवून, एका दमात, खोलीच्या घुमाऱ्यासकट रेकॉर्ड करावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. हे मत कसं फिरलं ते त्या मुलांना नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आधी खोलीबद्दल, कारण माझ्या जुन्या मताचं मूळ तिथेच होतं. आंधळगाव विणकरांचं गाव. कोशाचं कापड, करवत काठी साडी ही इथली ओळख. माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे घरातली जुनी मागाची खोली. १० बाय १२ फूट, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. खड्डा माग निघाला, पण विणकर ज्यात पाय सोडून बसायचा तो खड्डा राहिला. त्यावर फळ्या टाकून मी सतरंजी अंथरली. शेजारी आजही माग चालतात. धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते, आणि तो ठोका जमिनीतून माईकच्या स्टँडमध्ये चढतो. म्हणून आमचं काम रात्री, जेवणं आटोपल्यावर. तेव्हाही पावसाळ्यात बोडीतली बेडकं, धान निघाल्यावर कुठेतरी चालू असलेला थ्रेशर आणि उन्हाळ्यात घरोघरचे कूलर असतातच.

अशा जागी बसणाऱ्याला पुस्तकं आणि व्हिडिओ एकच सल्ला देतात. माईक तोंडाजवळ आणा, आणि खोलीचा आवाज जितका मारता येईल तितका मारा. मीही भिंतींवर गोधड्या टांगल्या. त्याने टाळीचा चरचरीत प्रतिध्वनी गेला, पण ढोलकाची जाड बाजू वाजली की खोली घुमायचीच. त्याचा हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून उभा राहतो, आणि त्याच्या दुपटीचा ११२ चाही. ५६ हर्ट्झची लहर ६ मीटर लांब असते, तिच्यापुढे गोधडीची जाडी काहीच नाही. त्यात फळ्यांखालची पोकळी स्वतःच वाजायची. शेवटी तो खड्डा तणसाने गच्च भरला, दोन कोपऱ्यांत तणसाची पोती आढ्यापर्यंत रचली, आणि तेव्हा कुठे ढोलक मोकळा बोलू लागला. तणसात हवा खेळते आणि पोत्यांचा थर हात-दीड हात जाड होतो, म्हणून तो खालच्या सुरांपर्यंत पोचतो. कवेलूंचंही असंच. मी बराच काळ स्लॅबच्या खोलीची वाट पाहत होतो. पण उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, आणि कवेलूंच्या फटींतून खालचा घुमारा बाहेर निघून जातो. सिमेंटच्या चौकोनी खोलीत तो कोंडून बसतो. ज्यांच्या घरी जुनी कवेलूंची खोली आहे त्यांनी ती पाडण्याआधी तिच्यात एकदा गाऊन पाहावं.

सामान साधं होतं, आजही साधंच आहे. दोन माईकचं साउंड कार्ड, त्यातूनच ४८ व्होल्ट मिळणारा एक कंडेन्सर माईक, एक डायनॅमिक माईक, लॅपटॉप आणि रीपर हे सॉफ्टवेअर. दोनच माईक लागत असतील तर आठ माणसांचं मंडळ एकावर एक चढवावं लागणार, हे ओघानेच आलं. पण मी ती अडचण म्हणून सांगत नव्हतो. तीच खरी, शास्त्रशुद्ध पद्धत आहे असं मी मानत होतो. सुटा ट्रॅक असला की चूक तेवढीच कापता येते. पेटीचा आवाज वाढवला तर टाळ वाढत नाही. ढोलकाला एक कॉम्प्रेसर, गळ्याला दुसरा. प्रत्येक गोष्ट हातात. मुंबई-पुण्यात असंच करतात, मग गावात का करू नये, हा माझा सवाल असायचा, आणि त्यामागे गावातलं काम कुठे कमी पडू नये ही तळमळ होती. ती तळमळ आजही तेवढीच आहे.

या पद्धतीचा जन्म कुठे झाला ते मी फार उशिरा वाचलं. आवाजावर आवाज चढवण्याची कला घरात रुजवली ती अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवादकाने. १९५१ साली त्याची आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड हिची 'हाऊ हाय द मून' ही रेकॉर्ड गाजली. अनेक गिटारी, अनेक आवाज, आणि माणसं फक्त दोन. १९७९ साली टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं यंत्र. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम त्यावर घरीच, एकट्याने गाऊन-वाजवून रेकॉर्ड केला. आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे बिली आयलिश. तिचा २०१९ चा अल्बम तिचा भाऊ फिनियस याने घरातल्या बेडरूममध्ये बनवला आणि २०२० च्या ग्रॅमीत त्या अल्बमने मोठे पुरस्कार घेतले. घरच्या रेकॉर्डिंगच्या या सगळ्या नावाजलेल्या कथांत खोलीत एक किंवा दोन माणसं आहेत. सुटे ट्रॅक ही एकट्या माणसाची गरज होती. सोबतीला कुणी नाही, म्हणून तो स्वतःच्याच आवाजाला सोबत देतो. आमच्याकडे सॉफ्टवेअर आलं, त्याच्यासोबत ही एकट्याची रीतही आली, आणि आठ माणसं दारात चपला काढून बसलेली असताना मी त्यांच्यावर ती लादत होतो.

पण हे वाचून मत बदललं असं म्हणणं खोटं ठरेल. मत बदललं ते आमच्या भागातल्या एका भजनी मंडळामुळे.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला हा मुलूख. मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या नवरात्रात, दिवाळीनंतरच्या मंडईत, महाशिवरात्रीला गायमुखच्या वाटेवर, इथे गाणं नाही असा सण सापडत नाही. त्या मंडळाच्या म्होरक्या एक मावशी. गळा रापलेला, वरच्या सुरात थोडा फाटणारा, पण शब्द असा टाकतील की समोरच्याने बोलणं थांबवावं. त्यांच्यासोबत ढोलकाला एक काका, पेटी, खंजिरी, टाळ आणि कोरसला चार जणी. मी नेहमीप्रमाणे क्लिक लावली, काकांच्या कानाला हेडफोन दिले आणि एकट्याने वाजवायला सांगितलं. काकांनी इमानेइतबारे प्रयत्न केला. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "बेटा, मी बाईच्या तोंडाकडे पाहून वाजवतो. हे टकटक मले कायले पायजे?"

मी तेव्हा त्यांना समजावलं. सवय होईल, सगळ्यांना होते. काकांनी मान डोलावली आणि माझ्या समाधानासाठी पुन्हा क्लिकवर वाजवलं. त्यावर मी पेटी घेतली, मावशींचा गळा घेतला, कोरस घेतला. मिक्स केलं. ठेका एक केसभर इकडेतिकडे नव्हता. मावशींनी ऐकलं, "बेस झालं जी" म्हणाल्या, आणि कॉपी न मागता घरी गेल्या. ज्याला आपलं गाणं आवडतं तो मोबाईल पुढे करतो, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं होतं.

पुढच्या खेपेला त्यांना सगळ्यांना एकत्र बसवलं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये काय कमी पडलं हे शोधायचं होतं, एवढाच हेतू. एक माईक मंडळासमोर, दुसरा जरा उंच. क्लिक नाही, हेडफोन नाहीत. मी स्वतः हेडफोन काढून कोपऱ्यात तणसाच्या पोत्याला टेकून बसलो आणि पहिल्यांदा काकांच्या नजरेने पाहिलं. मावशी ओळ उचलायच्या आधी श्वास घेतात तेव्हा त्यांचे खांदे वर जातात. लय वाढवायची असेल तर तो श्वास छोटा असतो. काका त्या खांद्यांकडे पाहतात आणि पुढच्या समेच्या आधीच साध्या ठेक्यावरून लग्गीत उतरतात. कोरसवाल्या जणी मावशींची ओळ संपायची वाट पाहत नाहीत, शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून झेलूनच घेतात. त्या झेलण्यात क्षणभर दोन्ही आवाज एकावर एक येतात, टाळ घट्ट होतो, आणि लय पुढे सरकते. भजन सुरू झालं तेव्हा मिनिटाला ८० च्या आसपास मात्रा होत्या, संपलं तेव्हा ११० च्या पुढे गेल्या होत्या. मधली वाढ कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येणार नाही.

क्लिकवर ही वाढ होऊच शकत नाही. रीपरमध्ये लय टप्प्यांनी चढवता येते, तिरकी रेघ ओढून हळूहळूही चढवता येते, आणि मी ते करूनही पाहिलं. त्या रेघेवर काकांनी वाजवलं तेव्हा लय चढली खरी, पण ती चढवली मी, आदल्या दिवशी, माऊस हातात घेऊन. मावशींच्या दमाशी तिचा संबंध नव्हता. भजनात लय किती आणि कधी वाढवायची हा म्होरक्याचा हक्क आहे. समोर कोण बसलंय, रात्र किती झाली, गळा कुठवर साथ देतोय, हे पाहून तो वापरला जातो. मी तो हक्क त्यांच्या नकळत स्वतःकडे घेतला होता.

सुरांचंही हेच. सुट्या ट्रॅकवर गळा पट्टीत ओढण्याचा मोह फार होतो. ऑटो-ट्यून १९९७ साली बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या कंपनांचं विश्लेषण करायचे. त्यांनी तेच गणित गळ्याला लावलं. मावशी एका ठिकाणी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला सूर लावतात. तो त्या चुकून लावत नाहीत, दर कडव्याला तिथेच लावतात. सॉफ्टवेअरला तो सूर ठाऊक नाही, कारण त्याच्या नेहमीच्या मांडणीत पेटीसारखे १२ च खण. आपल्याकडे नेमकी याच कारणावरून पेटीवर बंदी आली होती. मींड घेता येत नाही, श्रुती चुकतात, म्हणून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केली ती १९७१ पर्यंत. ती बंदी मला योग्य वाटत नाही, पेटीने भजनाला किती आधार दिला हे मी रोज पाहतो. पण पेटी वाजत असतानाही गाणारा तिच्यापासून केसभर बाजूला सरकू शकतो. गळाच पट्टीत कोंबला की सरकायला जागा उरत नाही. म्हणून लोकगीताच्या गळ्याला मी आता ऑटो-ट्यून लावत नाही, कुणी आग्रह धरला तरी.

तरीही त्या एकत्र घेतलेल्या रेकॉर्डिंगवर मी लगेच भाळलो नव्हतो. सुटा मिक्स जास्त स्वच्छ होता. मावशींचा शब्द न् शब्द पुढे होता. एकत्र घेतलेल्यात टाळ जरा जास्त, पेटी जरा मागे. मी मधला मार्ग शोधायला गेलो. सुट्या ट्रॅकना कृत्रिम घुमारा दिला, सगळ्यांना एकाच दिवाणखान्यात बसवल्यासारखा. जमलं नाही, आणि ते का जमत नाही हे कळायला वेळ लागला. सगळी माणसं एका खोलीत बसतात तेव्हा ६ फुटांवरचा ढोलक मावशींच्या पुढच्या माईकपर्यंतही पोचतो, साधारण ५ मिलिसेकंद उशिरा आणि जरा मऊ होऊन. टाळ भिंतीवरून फिरून येतो. मावशींचा आवाज पेटीच्या लाकडाला लागून येतो. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो त्याला आम्ही लीक म्हणतो, आणि मी मुलांना शिकवायचो की लीक म्हणजे शत्रू. पण सगळ्या आवाजांना एका जागेचे करणारा सांधा हाच आहे. तो नंतर चिकटवता येत नाही. शिवाय मावशी एकट्या हेडफोनवर गायल्या तेव्हा त्या माईकला ऐकवत होत्या, मंडळात गायल्या तेव्हा चार बायांना ओढून नेत होत्या. ते बळ एकट्याच्या टेकमध्ये मुळात उमटलेलंच नव्हतं, मग मिक्सिंगमध्ये कुठून येणार?

त्याच सुमारास मी 'जात्यावरच्या ओव्या' हेडफोन लावून नीट ऐकू लागलो. गी पॉइट्विन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांच्यासोबत त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. माझ्यातल्या रेकॉर्डिस्टने आधी दोष शोधले. खोली ऐकू येते, मागे हालचाल आहे. थोड्या वेळाने मी दोष शोधणं विसरलो. एक बाई ओळ सुरू करते, दुसरी तिला सामील होते, आणि दोघींमधलं अंतर कानांना दिसतं. या ओव्यांसाठी त्या बायांना एकेकटीला हेडफोन लावून बसवलं असतं तर काय हाती लागलं असतं, हा विचार मनात आला आणि माझ्या जुन्या मतात फारसं काही उरलं नाही.

आता मी काम कसं करतो ते सांगतो. त्याचा धडा फार जुना आहे. भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं. फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आले होते आणि हॉटेलच्या खोल्यांत त्यांनी गौहर जानसारख्यांचा आवाज घेतला. माईक नव्हता, एकच कर्णा. विजेचं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. तोवर जगभर मिक्सिंग म्हणजे अंतर. गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी, साथ करणारे मागे, मोठ्या आवाजाचं वाद्य आणखी मागे. मी तेच करतो. मुख्य माईकपासून मावशी दोन-अडीच फुटांवर. कोरस त्यांच्या मागे अर्धवर्तुळात. काका बाजूला, पण मावशींचा चेहरा आणि खांदे दिसतील असेच, आणि ढोलकाची जाड बाजू तणसाच्या पोत्यांकडे. पेटी तिरपी, भाता माईकच्या उलट्या बाजूला, नाहीतर त्याची फुसफुस येते. टाळ सगळ्यांत मागे, दाराशी. टाळ हे फार चिवट वाद्य, ते कुठेही ठेवलं तरी पुढे येतं. काही वाढवायचं असेल तर माणूस वीतभर पुढे सरकवायचा. मिनिटभर रेकॉर्ड करायचं, सगळ्यांनी मिळून ऐकायचं, पुन्हा सरकायचं. पूर्वी हे फेरबदल मी एकटा रात्री दोनपर्यंत फेडरवर करायचो. आता मंडळ स्वतः करतं. काकाच म्हणतात, टाळवाल्याले अजून मांगं ने.

दुसरा माईक वापरायचा तर पहिल्यापासून पुरेसा दूर ठेवावा. माईक आवाजापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये असावं, हा जुना नियम पाळला की आवाज पोकळ होत नाही. पातळी जपून ठेवायची. सर्वांत मोठा ठोकासुद्धा शून्याखाली ८-१० डेसिबलवर राहिला पाहिजे, कारण भजन चढणार आहे हे आधीच माहीत असतं. २४ बिटमध्ये आवाज हळू आला तरी नंतर निर्धास्त वाढवता येतो, एकदा फाटलेला मात्र सांधता येत नाही. मग कॉम्प्युटरवर उरतं फार थोडं. ७० हर्ट्झच्या खालचा मागांचा आणि कूलरचा गुरगुराट काढणं, हलका कॉम्प्रेसर, आणि शेवटी एकूण आवाजाची पातळी. पूर्वी मी गाणं दाबून दाबून मोठं करायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यापुढे ते लहान वाटू नये. पण युट्यूब, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी फार मोठं गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास खाली आणलंच जातं. भजनाची चढण चिरडून काहीच पदरात पडत नाही.

या मार्गाची किंमतही आहे आणि ती मी मंडळांना आधीच सांगतो. एकाने चूक केली की सगळ्यांना पुन्हा गावं लागतं. चांगल्या टेकमध्ये नेमका कुणाला तरी खोकला येतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर गळे थकतात, आणि मग चहा ठेवून उद्या या म्हणावं लागतं. पेटी कमी आहे असं घरी गेल्यावर वाटलं तर इलाज नाही. ज्याला एका रात्रीत पाच गाणी हवीत त्याला हे परवडणारं नाही.

सुट्या ट्रॅकची पद्धत मी टाकून दिलेली नाही. एखादा मुलगा मोबाईलवर बीट बनवून रॅप करतो, एखादी मुलगी स्वतःच गिटार वाजवून गाते, कुणाला डीजेसाठी जयंतीचं गाणं हवं असतं. तिथे क्लिक हवी, सुटा ट्रॅक हवा, आणि ते शिकवताना मी तसूभर हात आखडत नाही. कानाला तालीम द्यायला सुट्या ट्रॅकसारखी शाळा नाही, हेही खरं. कॉम्प्रेसर काय करतो ते एका सुट्या ढोलकावर दाखवलं की पोराला पटकन कळतं. माझा आग्रह एवढाच की गाणं कुणाचं आहे ते पाहून पद्धत निवडा. २०१६ चा 'सैराट' चित्रपट आठवा. अजय-अतुल यांनी त्याचं सिम्फनीचं वादन लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केलं. कॉम्प्युटरमध्ये व्हायोलिनचे तयार आवाज ढिगाने मिळतात. तरी दोघे इतक्या दूर गेले ते खूप वादक एका मोठ्या खोलीत एका वेळी वाजवतात त्या आवाजासाठी. पैसा आणि नाव हाताशी आलं की मोठमोठे संगीतकार जे विकत घ्यायला सातासमुद्रापार जातात, ते आमच्या मंडळांकडे दर गुरुवारी सतरंजीवर आपसूक बसलेलं असतं. आणि मी त्यांना वेगळं वेगळं बसवत होतो.

मला घाई यासाठी आहे की दंडारीतले जुने शाहीर, महादेवाची गाणी पाठ असलेली म्हातारी माणसं, खंजिरीवर बोलणारी बोटं, ही आता वयाने थकत चालली आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हातात मोबाईल आहेत, काहींच्या घरी लॅपटॉप आहेत, आणि रेकॉर्डिंग शिकायची हौस अफाट आहे. ती पोरं माझ्याकडे येतात, पहिल्या दिवशी विचारतात की कोणता माईक घेऊ. मी सांगतो, माईक नंतर घे. आधी तुझ्या गावचं मंडळ जिथे बसतं तिथे जाऊन बस, कोण कुणाकडे पाहून वाजवतं ते बघ.

या नवरात्रात, या मंडईत, तुमच्याकडे जो काही माईक असेल, मोबाईलचा असला तरी, तो घेऊन आपल्या मंडळासमोर बसा. त्यांना क्लिक देऊ नका, वेगळं करू नका. गाणं सुरू होण्याआधी गाव, तारीख आणि गाणाऱ्यांची नावं त्यांच्याच तोंडून बोलून घ्या, आणि रेकॉर्डिंग कुठे वाजवणार ते सांगून त्यांची परवानगी घ्या. जमलं तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये घ्या. दोन चॅनलचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबीत बसतं. मूळ फाइलला हात न लावता तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि एक प्रत गाणाऱ्यांच्या घरी स्वतः नेऊन द्या.